शंभूरावांचं दार

वर्गणी मागायला गेले की नागोजीराव आधी आपल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवतात. "चपला वाकड्या पडल्या की लोकांना वाटतं, हा घाईत आलाय, लगेच कटेल," असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर विजेच्या ऑफिसात नोकरी केली, पण म्हैसुरातल्या आम्हा मराठी लोकांत ते वसतिगृहाचे नागोजीराव म्हणूनच ओळखले जातात.

हे वसतिगृह मुलींचं आहे. हुणसूर, पिरियापट्टण, बन्नूरकडच्या घरांतल्या मुली शिकायला शहरात येतात, त्या इथे राहतात. वर्षातून एकदा छत्रात, म्हणजे इकडच्या मंगल कार्यालयात, गाण्याचा कार्यक्रम आणि जेवण होतं. त्यातून जमेल त्यावर वसतिगृह चालतं. कार्यक्रमाआधी नागोजीराव घरोघर फिरतात. आता फोनवरूनही वर्गणी येते, तरी ते फिरतातच. पिशवीत आमंत्रणपत्रिका, कुंकू-अक्षतांची डबी आणि पावतीपुस्तक असतं. आमंत्रण आणि वर्गणी एकाच फेरीत. नुसतंच मागितलं तर भीक वाटते आणि नुसतंच बोलावलं तर वसतिगृह चालत नाही.

मागण्याची त्यांची एक रीत आहे. आलेली कॉफी संपवायची, मुलींबद्दल सांगायचं, मागायचं आणि मग सुम्ने बसायचं. सुम्ने म्हणजे अगदी गप्प, हलायचंसुद्धा नाही. आधी बोलेल त्याची माघार.

यंदा कृष्णमूर्तींच्या साडीच्या दुकानात ते लाउडस्पीकरचा खर्च मागायला गेले होते.

"बॅनरवर माझं नाव त्या सोनाराच्या वर पाहिजे," कृष्णमूर्ती म्हणाले.

"वर झेंडूची माळ येते हो. नाव फुलांत जाईल. खाली घालतो, जेवणाऱ्यांच्या अगदी समोर."

"आणि दोन गाण्यांच्या मध्ये दुकानाचं नाव पुकारायचं."

"गाणारी बाई उठून जाईल! जेवताना पुकारतो. तेव्हा कुणी उठत नाही."

कृष्णमूर्ती हसले आणि गल्ल्याकडे बघत राहिले. नागोजीराव सुम्ने बसले. शेवटी कृष्णमूर्तीच म्हणाले, "बरं, घ्या. तुमच्यापुढे कोण टिकणार?"

ही रीत नागोजीरावांना शंभूरावांनी शिकवली होती. वसतिगृहाची पहिली वर्गणी दोघांनी मिळून गोळा केली. शंभूरावांचं सायकलचं दुकान होतं. तिथलीच एक सायकल काढून दोघं डबलसीट निघायचे. नागोजीराव तेव्हा मागताना अडखळायचे आणि शंभूराव मागून त्यांच्या सदऱ्याला हिसका द्यायचे, की गप्प बस आता.

पुढे लोकांनी सायकली सोडल्या. शंभूरावांचं दुकान बंद पडलं, बायकोच्या आजारपणात होतं ते गेलं. त्या वर्षी फेरीवर निघालेले नागोजीराव त्यांच्या दाराशी आले, घुटमळले आणि पुढच्या दारी गेले. पुढच्या वर्षीही तेच झालं. मग ती सवयच होऊन बसली.

नागोजीरावांची बायको वनजाबाई दरवर्षी विचारायच्या, "अहो, शंभूभावजींकडे गेलात का?"

"त्याच्याकडे काय मागू? उसने काढून देईल तो. कशाला लाजवायचं?"

"मागू नका. नुसतं बोलवा तरी."

"बोलावलं की देणं आलंच. अय्यो, तुला कळत नाही."

यंदा वसतिगृहावर दुसरा मजला चढला. ज्यांनी सुरुवात केली त्यांचा कार्यक्रमात सत्कार करायचं ठरलं. नागोजीरावांना एकट्याने स्टेजवर बसायचं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर त्यांना शंभूराव हवे होते. अक्षतांची डबी घेऊन ते त्या दाराशी गेले आणि चपला जोडून ठेवल्या.

दार शंभूरावांच्या मुलीने, तुंगाने उघडलं. ती "काका?" एवढंच म्हणाली आणि कॉफी करायला आत गेली. शंभूराव खिडकीपाशी बसले होते.

"या साहेब, बसा," ते म्हणाले.

"साहेब काय रे?"

"मग काय म्हणू? ओळख जुनी झाली."

नागोजीरावांनी अक्षता पुढे केल्या, सत्काराचं सांगितलं. शंभूरावांनी हात पुढे केला नाही.

"ही खिडकी बघितलीत? दरवर्षी इथे बसायचो. अलीकडच्या घरात तुमचा आवाज यायचा. मग पलीकडच्या घरात यायचा. मधे हे एक घर आहे."

"तुला अडचणीत टाकायचं नव्हतं रे."

"अडचण माझी होती ना? मग 'नाही' मी म्हणालो असतो. 'यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू,' असं गल्लीतलं कोणीही म्हणतं. मला तेवढंही म्हणू दिलं नाहीत. गरीब झालो होतो हो, मेलो नव्हतो."

तुंगाने कॉफी आणून ठेवली आणि ती दाराला टेकून उभी राहिली. नागोजीरावांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं.

"चुकलं माझं. आज मागतो. तुला वाटेल ते दे. नाही म्हण, पण कार्यक्रमाला ये."

शंभूराव सुम्ने बसले.

बाहेरून एक स्कूटर गेली. कॉफीवर साय धरली. शंभूराव खिडकीबाहेर बघत होते, हलत नव्हते. इतक्या घरांत, इतक्या दुकानांत कधी आधी न बोललेल्या नागोजीरावांना ते सहन होईना.

"येतो मी," ते म्हणाले.

"बरं," शंभूराव म्हणाले.

अक्षता डबीतच राहिल्या, पावतीपुस्तक परत पिशवीत गेलं. बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या आणि सवयीने ते पुढच्या दारी गेले. तिथे हसून स्वागत झालं, कॉफी आली. हुणसूरच्या मुलींबद्दल, नव्या मजल्याबद्दल सांगून झालं. मग मागायची वेळ आली.

नागोजीरावांनी पत्रिका पुढे ठेवली, अक्षता दिल्या, "नक्की या" म्हणाले आणि उठले. घरातली माणसं पावतीपुस्तकाची वाट बघत राहिली. नागोजीरावांना ते पिशवीतून काढताच आलं नाही.