पादुका पार्किंगमध्ये थांबल्या

महाराजांच्या पादुका घरी येणार होत्या, त्याच सकाळी माझा घसा खवखवू लागला. गिळताना काहीतरी टोचलं आणि मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. आमचे हे अजून झोपले होते. करोनाच्या साथीच्या आदल्या वर्षी यांचं मूत्रपिंड बदललं. शरीराने ते नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवतात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "तुमचं सर्दीवर निभावेल, यांच्या जिवावर बेतेल." तेव्हापासून कर्वेनगरच्या आमच्या घरात मी पहारेकऱ्यासारखी वावरत होते. खिडक्या सताड उघड्या, मास्कशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, शिंकणाऱ्याकडे असं बघायचं की तो पुन्हा यायचा नाही. आणि आता चोर माझ्याच घशात शिरला होता.

पादुका आणणं हा माझा नवस. डायलिसिसच्या दिवसांत मी महाराजांना बोलले होते की हे उठून हिंडूफिरू लागले की पादुका घरी आणीन, यांच्या हातून अभिषेक करवीन. मग साथ आली, सगळंच थांबलं. आता ती ओसरली असं जो तो म्हणत होता. दुपारी नातेवाईक यायचे होते, सोसायटीतली मंडळी यायची होती, शिऱ्याचा रवा भाजून ठेवला होता.

मन किती पळवाटा काढतं! आदल्या दिवशीची चिंच भोवली असेल. पंखा लागला असेल. मी गुळण्या केल्या, काढा घेतला, पुन्हा गिळून बघितलं. टोचतच होतं आणि अंगात कसकसही वाटू लागली. शेवटी महाराजांच्या तसबिरीवर फूल ठेवून कौल लावला. पादुका आणू ना, एवढंच विचारलं. फूल उजवीकडे पडलं. म्हणजे होकार. खरं तर जिवात जीव यायला हवा होता, पण उलट धडधड वाढली.

हे उठल्याची चाहूल लागली तशी मी मास्क चढवून लांबूनच म्हणाले, "अहो, तिथेच थांबा. माझा घसा धरलाय."

"मग आता?"

"तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? नवस तुझा, मूत्रपिंड माझं."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच खोकला आला. यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या लागलेल्या दाराकडे बघून मी मठात फोन केला. पादुका घेऊन येणाऱ्या गृहस्थांना मी ओळखतही नव्हते. त्यांनाच म्हटलं, मला बरं नाही, ज्यांच्या हातून अभिषेक करवायचा तेच घरातलं जपायचं माणूस आहे, कृपा करून येऊ नका. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. बाकीच्यांनाही कळवलं आणि मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. होकार मिळाला असताना मी देवाला नको म्हटलं होतं. याची शिक्षा यांना होणार, याखेरीज दुसरा विचार सुचेना. बसवेना, पडवेना, जपाची माळ हातात धरून मी नुसती येरझाऱ्या घालत राहिले.

दुपारी फोन वाजला, मठातल्या त्याच गृहस्थांचा. "ताई, जरा गॅलरीत या. खाली बघा."

खाली पार्किंगमध्ये स्कूटरींच्या रांगेमध्ये वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर रेशमी वस्त्र आणि त्यावर पादुका. शेजारी मास्क लावलेले, पिकल्या केसांचे एक गृहस्थ एकटेच उभे होते. मला काही सुधरेना. वरूनच धार धरावी म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन कठड्याशी आले, तसा त्यांनी हात वर केला.

"पाणी वरून नको, ताई. खाली मी आहे."

मग पलीकडच्या खिडकीत उभ्या असलेल्या यांच्याकडे बघून म्हणाले, "साहेब, तुम्ही तिथूनच हात पुढे करा. मी तुमच्या नावाने घालतो."

यांनी गजांतून हात बाहेर काढला. खाली पादुकांवर संथ धार पडत होती आणि वर हा हात तसाच पुढे धरलेला होता. मी कठडा धरून रडले.

आवरून निघताना ते म्हणाले, "आमच्या आईला भेटायला असंच कुणीतरी आलं होतं, खोकला अंगावर काढून. मायेनेच आलं होतं हो. तुम्ही फोन केलात, फार बरं केलंत." त्यांचं नाव विचारायचं राहिलं. मास्कमुळे चेहराही नीट दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कौल बरोबर होता की मी तो मोडला, हे मला आजही सांगता येत नाही. शरण जायचं म्हणजे डोळे मिटून सगळं देवावर टाकायचं, असं मला आजवर वाटायचं. त्या दिवशी समजलं की आपल्या हातात आहे ते आधी नीट करायचं आणि मगच हात जोडायचे.

यांची तपासणी झाली, निकाल यायचा होता. मी बंद दाराआड होते. हॉलच्या त्या टोकाला उघड्या खिडकीशी बसून हे नाम घेऊ लागले. जन्मात कधी गायले नाहीत, सुराचा पत्ता नाही. मी दाराला कान लावून जमिनीवर बसले. महाराज क्षमा करोत, मी नाम ऐकत नव्हते. मध्येच कुठे खोकला येतो का, तेवढंच ऐकत होते.

तो आला नाही. त्या संध्याकाळी नाही आणि पुढेही नाही.