मागच्या बाजूची धून

माझं गाणं तीन आठवडे रेडिओवर पहिल्या नंबरावर होतं. ही गोष्ट मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवली आहे की घरी कुणी पाहुणा आला आणि मी घसा खाकरला, की बायको चहाचं आधण ठेवायला उठते. तिला त्या गोष्टीचा शेवट ठाऊक आहे. म्हणजे, मी सांगतो तो शेवट. खरा शेवट मी तिलासुद्धा फार उशिरा सांगितला.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. पिंपरीच्या एका कंपनीत मी टूलरूममध्ये नुकताच कायम झालो होतो. स्वभाव पहिल्यापासून उतावळा. मशीनवर जॉब चालू असला तरी माझा डावा पाय ताल धरून हलायचा आणि सुपरवायझर येता-जाता विचारायचे, "पायाला मोटर बसवलीय का?" आम्ही कंपनीतलेच पाच जण सुट्टीच्या दिवशी कॉलनीच्या हॉलमध्ये वाजवायचो. आमच्या लेखी ते रॉक होतं. कॉलनीच्या लेखी ते टँवटँव होतं. "आज टँवटँव आहे का हो?" असं बायका विचारून घ्यायच्या आणि त्या हिशेबाने पोरांना झोपवायच्या.

आमच्यातला एक ग्राइंडिंगवर होता, तळवड्याचा. तो माझा मित्र. त्याचे वडील गावच्या भजनात पखवाज वाजवायचे, त्यामुळे कान तयार, पण तोंडाने कधी मोठेपणा सांगणार नाही. परदेशातून मशिनं ज्या पेट्यांत यायची त्यांच्या फळ्यांतून त्याने स्वतःची गिटार केली होती. आम्ही बोटांनी तारा दाबायचो. हा एक पोलादी बुश, म्हणजे मशीनमधली आखूड पोकळ नळी, घासून घासून गुळगुळीत करायचा, अंगठीसारखा बोटात घालायचा आणि तारेवरून सरकवायचा. सूर तुटायचाच नाही, नुसता चढत-उतरत राहायचा.

त्या बुशातून त्याने आमचे भोंगे काढले. तेव्हा आमच्याकडे घड्याळं भोंग्यावर लावत. प्रत्येक कंपनीचा भोंगा वेगळा, आणि चार वर्षांचं पोरही सांगायचं, हा माझ्या बाबांचा. सकाळी सातला आमच्या भागात तीन भोंगे व्हायचे. पहिला खालून वर चढायचा. दुसरा अर्धा सूर चुकवून त्याच्यात मिसळायचा. तिसरा जुना होता, तो शेवटी घोगरा होऊन बसायचा. मित्राने ते तिन्ही भोंगे एकामागून एक गिटारवर वाजवले आणि त्यांची धून केली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मनात दोन विचार आले. हे मला सुचायला हवं होतं, हा पहिला विचार. सुंदर आहे, हा दुसरा. क्रम खोटा सांगणार नाही.

मग मुंबईच्या एका लहान कंपनीने आमची छोटी तबकडी काढायचं कबूल केलं. पुढच्या बाजूला माझं गाणं, प्रेमाचं, चालही माझी आणि आवाजही माझा. मागची बाजू रिकामी कशी ठेवायची म्हणून तिथे भोंग्यांची धून. त्या धुनेत माझ्या गिटारला जागा नव्हती, तेव्हा मी नुसत्या टाळ्या दिल्या.

आठवड्याने कागदपत्रं करायला बोलावलं. मित्राला पहिली शिफ्ट होती, मी एकटाच गेलो. एका वयस्कर क्लार्कनी फॉर्म पुढे सरकवला. संगीतकार, पुढची बाजू : तिथे मी माझं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, वळणदार अक्षरात लिहिलं. संगीतकार, मागची बाजू : तिथे पेन थांबलं. मला तबकडीवर दोन नावं नको होती. यापेक्षा चांगलं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही. स्वतःचं नाव लिहिण्याइतका मी निर्लज्ज नव्हतो आणि त्याचं लिहिण्याइतका मोठा नव्हतो. मी लिहिलं, 'पारंपरिक'.

"लोकधून का?" क्लार्कनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"हो. मावळातली."

"छान, छान," म्हणून त्यांनी शिक्का मारला. भला माणूस होता.

तबकडी आली तेव्हा मित्राने ती हातात घेतली, पालथी केली, पुन्हा सुलटी केली, पुन्हा पालथी केली. मी त्याच्या आधीच बोलून टाकलं, "क्लार्कने घोळ केला रे. मी सांगितलं होतं, त्याने भलतंच छापलं." तो हसला. म्हणाला, "जाऊ दे, राव. भोंगा काय माझ्या बापाचा हाय व्हय?" आणि मी सुटलो असं मला वाटलं.

रेडिओवर तेव्हा दर रविवारी श्रोत्यांच्या पत्रांवरून दहा गाण्यांचे नंबर लागायचे. मी आमच्या अख्ख्या शॉपला कामाला लावलं. कँटीनमध्ये जेवण झालं की प्रत्येकाने माझ्या गाण्यासाठी एक पोस्टकार्ड लिहायचं, मगच हात धुवायला उठायचं. कित्येक कार्डांवर आमटीचे डाग पडले असतील. सगळ्यांत जास्त कार्डं मित्रानेच लिहिली, आणि तीही माझ्या गाण्यासाठी. गाणं सातवं आलं, तिसरं आलं, मग पहिलं. निवेदक म्हणाले, "पिंपरीकर श्रोत्यांची या गाण्याला विशेष पसंती दिसते." शॉपमध्ये एकच हशा पिकला. मला हसू आलं नाही, मला ते सगळं खरंच वाटत होतं.

पहिल्या नंबराच्या दुसऱ्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. फोरमननी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "अहो, हा रजेचा अर्ज नाही. परत येता येत नाही यावरून." मी ऐकतोय कशाला!

पुढच्या दोन तबकड्या कधी आल्या नि कधी गेल्या, कुणाला कळलंही नाही. माझे श्रोते म्हणजे आमचं शॉप होतं, आणि ते तर मी सोडून आलो होतो. शेवटी भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिलो. पाय तिथेही हलतच होता.

आणि मग ती धून ऐकू यायला लागली. आधी आकुर्डीत एका वरातीत, बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटवर. मी रस्त्यातच थांबलो; मागचा सायकलवाला माझ्यावर आदळला. मग चाकणच्या गाडीत कंडक्टर ती शीळ घालत तिकिटं फाडत होता. मी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसलो, तर तोही पुढे आला. न्हाव्याच्या दुकानात, कॉलनीच्या नळावर, कुठेही. माझं गाणं कुणी गुणगुणतंय का म्हणून मी कान टवकारून फिरायचो आणि दर वेळी तीच चढती-उतरती धून कानावर यायची. रात्री झोप लागेना. लेथवर दोन जॉब बाद केले.

एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेल्यावर आमच्या वर्कशॉपवाल्यांच्या स्नेहसंमेलनात चिंचवडच्या काही तरुणांचा ग्रुप वाजवायला आला. विजेच्या गिटारी, ड्रम, सगळा थाट. त्यांच्यातला एक माइकवर म्हणाला, "आता आपल्या भागातली एक जुनी, पारंपरिक धून." ती संपल्यावर वन्स मोअर झाला. मी खुर्चीवरून कधी उठलो, मलाच कळलं नाही.

स्टेजमागे जाऊन विचारलं, ही कुठून उचलली? त्या मुलाने पिशवीतून आमची तबकडी काढली. म्हणाला, "थोरल्या भावाची आहे. हिच्यावरूनच मी गिटार शिकलो. आमच्याकडचे सगळे हिच्यावरूनच शिकतात." मागची बाजू सुई फिरून फिरून राखाडी झाली होती, खाचा दिसेनाशा झाल्या होत्या. मी ती उलटली. माझी बाजू काळीभोर, नवी कोरी चकाकत होती. तिच्यात मला माझा चेहरा दिसला.

मी त्याच्याकडून पेन घेतलं, तबकडी पुन्हा पालथी केली, लेबलवरच्या 'पारंपरिक'वर काट मारली आणि वर मित्राचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मुलगा बघत राहिला. "तुम्ही होता यात? काय वाजवलंत?"

"टाळ्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला जुन्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. उभा कसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. मित्र सायकल हातात धरून बाहेर आला. कानशिलं पांढरी झाली होती. मी दम न घेता म्हणालो, "लेबलचा घोळ क्लार्कचा नव्हता." नेमका तेव्हाच दुसऱ्या शिफ्टचा भोंगा झाला आणि माझं वाक्य त्यात बुडालं. तो कानाला हात लावून "आँ?" म्हणाला. भोंगा पुरता बसेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो. मग मला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं, शांततेत, एकेक शब्द. फॉर्म मी भरला. पारंपरिक मी लिहिलं. तुझं नाव मला नको होतं.

तो रागावेल, शिवी देईल, नाहीतर पुन्हा हसेल, या तिन्हींची तयारी करून मी आलो होतो. सायकलच्या हँडलवरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली, मग दुसऱ्या बाजूचीही पुसली.

"आरं," तो शेवटी म्हणाला, "त्या क्लार्कला मी इतकी वर्सं मनात शिव्या देतुया, राव. त्या बिचाऱ्यानं तर काहीच केलं न्हाई."

एवढं बोलून तो सायकलवर बसला आणि तळवड्याच्या रस्त्याला लागला.