ताट आपोआप पडत नाही

भांड्यांच्या कंपनीने मला फसवलं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. फसवलं मी — आणि फसली माझी बायको, निर्मला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, बाजारातल्या शेजाऱ्यांना नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर आतापर्यंत मी स्वतःचं थोडं वजन वाढवून सांगितलं असतं. धंद्याची सवय आहे ती.

भिलाईत पॉवर हाऊसच्या बाजारात माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. वडील भंडाऱ्याकडून इथल्या पोलाद कारखान्यात आले आणि कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांच्या, धगीत त्यांचं आयुष्य गेलं. मला कारखान्याने घेतलं नाही — तो राग वेगळा, तो आज नको. मी सायकलला भांडी बांधली आणि कारखान्याच्या सेक्टरांतल्या क्वार्टरांमधून, पार नंदिनी नगरपर्यंत फिरलो. जुनं द्या, नवं घ्या. बायका घासाघीस करायच्या, मी त्यांच्यापेक्षा जास्त करायचो, भांडायचो, सायकल वळवून निघून जायचो आणि पुन्हा यायचो. पण एकदा ठरलं की ठरलं. मी शब्द मोडला असं कुणी माझ्या तोंडावर म्हणू शकत नाही. म्हणजे — एकच माणूस म्हणू शकतं, आणि ती म्हणत नाही.

जुनं ताट मोडीत घेताना आम्ही ते हातात फिरवून बघतो. कडेवर बोट फिरवतो. फळीवरून पडलेल्या ताटाला बारीकसा टवका असतो. भिंतीवर फेकलेल्या ताटाची कड आत मुडपलेली असते, आणि ते जमिनीवर ठेवलं की डुगडुगतं. हे ओळखायला मला क्षणही लागत नाही. तरीही मी विचारायचो, "पडलं काय जी?" समोरची बाई म्हणायची, "हो, पडलं." मग मी वजन करायचो. हा प्रश्न मी का विचारत होतो? मोडीच्या भावाला त्याने काही फरक पडत नव्हता. कदाचित मला तेच उत्तर ऐकायचं होतं. प्रत्येक घरातून.

आता त्या जाहिरातीचं सांगतो. आम्ही ज्या कंपनीचा माल विकायचो, त्या कंपनीने ती काढली. जाहिरात हिंदीत होती, मी आपल्या भाषेत सांगतो. भांड्यांचं दुकान. एक बाई चेपलेलं ताट गल्ल्यावर ठेवते. दुकानदार ते फिरवून बघतो आणि विचारतो, पडलं का? बाई म्हणते, हो, पडलं. तिच्या शेजारी लहान मुलगी उभी असते, ती आईकडे बघते. फक्त बघते. आणि मग पडद्यावर अक्षरं येतात — ताट आपोआप पडत नाही.

संपली जाहिरात. एवढीच.

ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या कानशिलांत रक्त चढलं. कंपनीने मला विचारलं होतं का? दुकानदाराला त्यात का आणलं? त्या दुकानदाराच्या तोंडात माझा प्रश्न कुणी घातला? हा माझा राग होता, आणि तो खरा होता. रागाचं कारण मात्र मी सगळ्यांना दुसरंच सांगितलं: माल आमच्याकडून विकवून घेतला आणि बदनामी आमचीच केली, कंपनीने फसवलं.

भिलाईत त्या जाहिरातीने जे व्हायचं ते झालं. मोबाइलवर गटागटांतून फिरली. कारखान्यातून शिफ्ट सुटली की माणसं माझ्या दुकानासमोर थांबून टोमणे मारायची. "का भाऊ, तुमची कंपनी आता आमच्या सैंपाकघरात घुसून राहिली काय?" कुणी म्हणायचं, माणूस भट्टीपुढे जळतो ते यांना दिसत नाही, ताट दिसतं. कुणी म्हणायचं, सगळेच पुरुष तसे आहेत का? बायका मात्र फार बोलत नव्हत्या. एक जण नवऱ्यादेखत ताट विकत घेताना म्हणाली, "जाड द्या भाऊ, आमच्याकडे पडते." नवरा हसला. ती नाही हसली. सिविक सेंटरमध्ये मोठा फलक लागला होता, त्यावरच्या दुकानदाराच्या तोंडाला कुणीतरी काळं फासलं. मी तो फलक स्कूटर थांबवून पाहिला. माझ्याच तोंडाला फासल्यासारखं वाटलं, आणि ज्याने फासलं त्याचा राग यायच्या ऐवजी मी कंपनीवर आणखी चिडलो.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. जायचं मनात नव्हतं, पण त्याशिवाय तुम्हाला काही कळणार नाही.

मी ताट फेकायचो. रोज नाही — रोज नाही म्हणजे काय, कमी झालं का ते? भाजीत मीठ जास्त, गिऱ्हाईक हातचं गेलेलं, कुणीतरी बाजारात टोचून बोललेलं, निमित्त काहीही. माझे वडील रागाने ताट बाजूला सारायचे. मी फेकायचो. धंद्यात वरचढ ठरलो तसा इथेही ठरलो.

एकदा निर्मलेच्या लग्नातलं ताट फेकलं. तिच्या मामाने आंदणात दिलेलं, त्यावर तिचं नाव कोरलेलं. ते भिंतीवर आदळून परतलं आणि आमच्या मुलीच्या, प्राचीच्या भुवईवर लागलं. प्राची तेव्हा एवढीशी होती, वरणभात कालवत बसली होती. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कशाने लागलं? मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत उभा राहिलो. निर्मला म्हणाली, "पडली."

घरी आल्यावर तिने प्राचीला निजवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. ती म्हणाली, "आज मी बोलली. तुमच्यासाठी नाही, घरासाठी बोलली. पुन्हा ताट उचलाचं नाही. अन् पुन्हा माह्या तोंडातून खोटं काढाचं नाही. मी बाहेर कोणाले सांगणार नाही, पण कोणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मंजूर हाय का?"

मी म्हणालो, मंजूर. आयुष्यात हा एकच सौदा मी घासाघीस न करता केला.

पहिला भाग मी पाळला. ताट पुन्हा उचललं नाही. याचं मला इतकं कौतुक होतं की मी स्वतःला सुधारलेला माणूस समजत होतो. मुडपलेलं ताट मी दुसऱ्याच दिवशी मोडीच्या पोत्यात टाकलं. निर्मलेने ते पोत्यातून काढून घरी नेलं आणि त्यातच जेवू लागली. घरात नवी ताटं रचलेली, आणि दुकानदाराची बायको डुगडुगत्या ताटात जेवते. एकदा मी म्हणालो, दुसरं घे. ती म्हणाली, "राहू द्या. याच्यात भात एका जागी राहते." मी हसलो होतो. खरंच हसलो होतो.

आता जाहिरातीच्या दिवसांकडे. मी ठरवलं की कंपनीला धडा शिकवायचा. दुकानातलं तिचं पोस्टर सगळ्यांसमोर फाडायचं. इथल्या एका केबलवाल्या वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला. बाजारातले लोक जमले. मी पोस्टर फाडलं आणि बोललो — चांगलं बोलतो मी. म्हणालो, मी हजारो घरांची भांडी हाताळली, कुणाचं फेकलेलं ताट मला दिसलं नाही. टाळ्या पडल्या. एवढ्यात निर्मला माझा दुपारचा डबा घेऊन आली. कॅमेऱ्यावाल्याने विचारलं, भाऊ, आपके घर में? मी थांबू शकलो असतो. डबा घेऊन आत जाऊ शकलो असतो. पण टाळ्या कानात होत्या. मी म्हणालो, "हिलाच विचारा."

कॅमेरा तिच्याकडे वळला. ती माझ्याकडे बघत होती. डब्याची कडी तिने दोन्ही हातांनी धरली होती. मग ती कॅमेऱ्याकडे बघून हिंदीत म्हणाली — हमारे यहाँ कभी नहीं.

वाहिनीने व्हिडिओ कापून दाखवला. माझं "हिलाच विचारा" त्यात नव्हतं. फक्त निर्मला, हातात डबा, आणि तिचं एक वाक्य. भिलाईभर फिरलं ते. भांडेवाल्याच्या बायकोनेच सांगितलं म्हणे.

प्राची तेव्हा बारावीत होती, नेहरू नगरला कोचिंगला जायची. तिथे मैत्रिणींनी तिला तो व्हिडिओ दाखवला. भुवईवरची खूण झोपाळ्यावरून पडल्याची, असं मी तिला सांगितलं होतं. पण ताटाचा आवाज तिच्या कानात राहिलेला होता, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ती घरी आली ती सरळ आईसमोर. "आई, तू झूठ कावून बोलली? सबके सामने?" निर्मला भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. मग प्राची माझ्याकडे वळली. "बाबा, तुमी तिले बोलाले लावलं काय?"

बघा, इथे सगळं सोपं होतं. एक 'हो' पुरला असता.

मी म्हणालो, "नाही बाई. ती आपल्या मनानंच बोलली."

भाकरी तव्यावर करपली. निर्मलेने ती उलटली, आणि दुसरी थापायला घेतली.

हीच माझी फसवणूक. ताट नाही — ताट तर राग होता, भुवईवर खूण तरी ठेवून गेला. ही थंड डोक्याने केलेली. त्या दिवसापासून प्राची आईशी तुटक झाली. मला बाबा, बाबा करते, आईशी कामापुरतं. रायपूरला नोकरी लागली, तिथून फोन येतो तो माझ्या मोबाइलवर. तिला वाटतं, बाप रागीट होता, पण आई खोटारडी आहे. आणि रागीट माणसाला माफ करता येतं. माझ्या मुलीचं आईवरचं प्रेम मी घेतलं आणि वापरलं. निर्मलेने एकदा जरी म्हटलं असतं, 'तुया बापानं विचाराले लावलं,' तर संपलं असतं. तिने म्हटलं नाही. कारण तिने शब्द दिला होता, बाहेर सांगणार नाही म्हणून. तिच्या हिशेबी पोरगीही त्यात आली. मी सौदा मोडला आणि तिने तो एकटीने पाळला.

यावर तुम्ही म्हणाल, मग आजच का? सांगतो.

गुडघे दुखतात म्हणून हल्ली दुपारी निर्मला गल्ल्यावर बसते आणि मी मागे टेकतो. परवा एक तरुण मुलगी आली, नवी नवरीच म्हणा. पिशवीतून ताट काढलं. मुडपलेलं. मी मागून पाहिलं आणि सवयीने तोंड उघडलं, "पडलं का—" निर्मलेने हात वर केला. वळूनही पाहिलं नाही. त्या मुलीला म्हणाली, "काही सांगू नको. ताट दे इकडे."

तिने ताट घेतलं. काट्यावर ठेवलं, नवं काढून दिलं. मग स्टूल पुढे सरकवलं. मुलगी बसली. निर्मलेने पाण्याचा तांब्या समोर ठेवला. मुलगी घोटाघोटाने पाणी प्यायली. मग मुलगी उठताना म्हणाली, "मावशी, मी परत आली तर चालते ना?" निर्मला म्हणाली, "ताट नसलं तरी ये."

मी मागे बसलो होतो. मला एकदम कळलं की ही गल्ल्यावर बसायला लागल्यापासून हा प्रश्न कुणालाच विचारत नसणार. दुकानात येणाऱ्या एकाही बाईला ती खोटं बोलायला लावत नाही. जे तिच्याकडून दोनदा घेतलं गेलं, ते ती कुणाकडून घेत नाही. धंदा मी शिकवला तिला, असं मी सांगत फिरायचो.

तेव्हापासून मी एका विचित्र आनंदात आहे. दुसरा शब्द सुचत नाही. माझ्यासारख्या माणसाला अशी बायको मिळाली, आणि ती गेली नाही. त्या कंपनीचेही उपकारच. तिने माझं तोंड आरशात दाखवलं, मी आरसा फाडून टाकला, तरी दिसायचं ते दिसलं. आणि प्राचीचे उपकार — तिला खोटं सहन झालं नाही. माझ्या घरात वाढून तिला ते सहन झालं नाही, ही केवढी गोष्ट आहे! फक्त चुकीच्या माणसावर रागावली. ती चूक तिची नाही.

काल मी निर्मलेला सांगितलं, प्राची दिवाळीला येईल तेव्हा मी बोलणार आहे. ती त्याच ताटात जेवत होती. घास घेत म्हणाली, "बोला. पण जेवण झाल्यावर बोला." आणि हसली. मी ती हसताना किती दिवसांनी पाहिली, मला आठवेना.

क्षमा मागायची नाही, ते ठरलेलं आहे. मागितली की पोरीला द्यावी लागते, आणि या घरातल्या बायकांनी मला पुष्कळ दिलं. फक्त एक सांगायचं आहे, ते आधी इथे लिहून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी जीभ वळणार नाही.

प्राची, आईला काही विचारू नकोस. तिने फार जणांना फार उत्तरं दिली. तू पडली नव्हतीस. ताटही पडलं नव्हतं. आणि आई आपल्या मनाने बोलली नव्हती. जाब मला विचार. सगळ्यांसमोर विचार, बाजारात विचार, कॅमेरा आणून विचार. उत्तर मी द्यायचं आहे.