दिसल्याशिवाय ओ द्यायची नाही

मी भुतांना घाबरते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये घर आहे, दिवसभर कंपनीचे डेटाबेस सांभाळते, आणि तरीही कपडे धुवायला बेसमेंटमध्ये उतरायचं तर फोनवर अभंग लावून उतरते. नवरा नागपूरचा, बिनधास्त. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून तो माझी टर उडवत असतो.

त्यामुळे ऑक्टोबरमधल्या त्या भुतांच्या टूरची तिकिटं त्यानं काढली तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझी आई सावंतवाडीहून आली होती. मॉल आणि मंदिर दाखवून झालं होतं. लेक पहिलीत होती आणि तिला भुतं बघायचीच होती. आम्ही चौघं शनिवारी दुपारी निघालो.

टूर ज्या घरात होती ते घर खरोखरचं इंग्लंडचं. तिकडच्या कुठल्याशा खेड्यात शेकडो वर्षं उभं असलेलं ते मॅनर हाऊस, म्हणजे जहागीरदाराचा वाडा, एका श्रीमंत अमेरिकन माणसानं विकत घेतलं, सोडवलं, वासान् वासा खोक्यांत भरून जहाजानं आणलं आणि आमच्यापासून तासाभरावरच्या टेकडीवर पुन्हा होतं तसं उभं केलं. नवरा म्हणाला, आपलं ग्रीन कार्ड अजून लटकलंय आणि यांची भुतं घरासकट आली यार. मी हसले आणि आम्ही आत शिरलो. काळ्या लाकडाच्या भिंती, खिडक्यांना जाड हिरवट काचा, बाहेर लख्ख ऊन असून आत संध्याकाळ.

गाइड बाई वयस्क आणि हसतमुख होत्या. जिन्याजवळच्या खोलीत त्यांनी शेकोटीच्या बाजूची एक फळी दाबली आणि भिंत दारासारखी उघडली. आत माणूस लपेल एवढी जागा. जुन्या काळी तिकडे कॅथलिक धर्मगुरूंवर बंदी होती, सैनिक आले की त्यांना तिथे लपवत. एकदा घरच्या बाईनं आपल्या लहान मुलाला तिथे लपवलं आणि सांगितलं, मी हाक मारेपर्यंत बाहेर यायचं नाही. सैनिकांनी तिलाच धरून नेलं. ती परत आली नाही, मुलगा कुणाला सापडला नाही. तेव्हापासून करड्या झग्यातली ती बाई घरभर हाका मारत फिरते, असं गाइड बाई म्हणाल्या आणि सगळ्यांना घाबरलेलं बघून खूश झाल्या.

मी आईला हे मराठीत सांगितलं. तिला अजिबात नवल वाटलं नाही. तिनं नातीला जवळ ओढलं आणि गावाकडे आम्हा सगळ्यांना शिकवलेलं तेच शिकवलं: अशा जागी कुणी हाक मारली तर मारणारा डोळ्यांना दिसल्याशिवाय ओ द्यायची नाही. भुतं आपल्याच माणसाचा आवाज काढतात. लेकीनं गंभीरपणे मान हलवली. उगाच घाबरवू नकोस गं तिला, असं मी आईला म्हटलं, आणि मग आमचा घोळका स्वयंपाकघराकडे निघाला. आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती हॉलमधल्या बाकावर बसली.

स्वयंपाकघरात पोचल्यावर नवऱ्याला वाटलं लेक माझ्याजवळ आहे. मला वाटलं त्याच्याजवळ.

पहिल्यांदा मी हळू हाक मारली, चारचौघांत ओरडायची लाज वाटते म्हणून. मग मोठ्यानं. मग लाज संपली. नवरा बाहेर, घरामागच्या तळ्याकडे धावत गेला. त्याला तसं धावताना मी कधीच पाहिलं नव्हतं. गाइड बाईंनी फाटक बंद करायला लावलं. मी उलट्या दिशेनं त्या फळीच्या खोलीत गेले. गाइड बाईंनी फळी उघडली, फोनचा प्रकाश टाकला. आत कुणी नव्हतं. मी डोकं आत घालून तिच्या नावानं ओरडले. माझाच आवाज लाकडातून परत आला.

खरं सांगते, त्या वेळी मला कुणी माणसानं तिला पळवलं असेल असं वाटलं नाही. मला वाटलं, त्या करड्या झग्यातल्या बाईला मूल सापडलं. शिकलेली, नोकरी करणारी मी, आणि माझी त्याबद्दल खात्रीच झाली होती. टूरमधले सगळे आता वेगवेगळ्या खोल्यांतून माझ्या मुलीचं नाव घेत होते, अनोळखी उच्चारांत, आणि ते ऐकून माझ्या काळजाचं पाणी पाणी होत होतं.

तेवढ्यात आई भिंत धरत धरत आली. चेहरा पांढराफटक.

"सगळ्यांना गप्प कर," ती म्हणाली. "ती ओ द्यायची नाही. मीच सांगितलंय तिला."

मी सगळ्यांना गप्प केलं. घर इतकं शांत झालं की माझा श्वास मला ऐकू येत होता. आई खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि कुणाकडेच न बघता मोठ्यानं म्हणाली, "बाय, ओ देऊ नको हां. कुणालाच देऊ नको. नुसती भिंत वाजव."

आधी काहीच नाही. मग शेकोटीच्या मागून, लाकडाच्या आतून, टक टक.

पोटची पोर पलीकडे आहे हे कळत होतं, तरी क्षणभर त्या भिंतीजवळ जायची माझी हिंमत होईना. मग मी पोटावर पडून आत शिरले. ती जागा धुराड्यामागे वळत होती, मोठ्या माणसाला बाहेरून दिसणार नाही अशी. लेक हौसेनं मागे फिरून, फळी दाबून आत गेली होती, फळी मागे मिटली, आणि अंधारात चाचपडत ती त्या वळणापलीकडे जाऊन बसली होती. मी ओरडले तेव्हा आमच्यात हातभराचं अंतर होतं.

मी हात पुढे केला. तिनं धरला नाही. मी मागे सरकत बाहेर आले तेव्हा ती आपली आपण रांगत फळीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. भुताचे पाय उलटे असतात, हेही आजीनं तिला कधीतरी सांगितलं असणार. माझ्या पायात बूट होते. मी खाली बसून बूट काढले, मोजे काढले आणि त्या गार फरशीवर अनवाणी उभी राहिले. तिनं बोटं नीट निरखली. मग माझ्या अंगावर येऊन आदळली आणि रडली.

कारमध्ये मी तिला विचारलं, माझा आवाज ओळखू आला नाही का?

"आला ना," ती म्हणाली. "एक्झॅक्टली तुझा आवाज होता. दॅट्स हाउ आय न्यू."

नवरा त्या दिवसापासून भुतांवरून थट्टा करत नाही. आईनं घरी आल्यावर मीठमोहऱ्यांनी नातीची दृष्ट काढली, माझीही काढली. लेक आता मिडल स्कूलमध्ये आहे. मी खालून जेवायला हाक मारते, ती ओ देत नाही. मैत्रिणी म्हणतात, या वयात सगळ्यांचं तसंच, कानात हेडफोन असतील. मी वर जाऊन पाहिलं आहे. हेडफोन नसतात. ती पुस्तक मिटून, दाराकडे डोळे लावून बसलेली असते, आणि मी तिला दिसेपर्यंत श्वाससुद्धा घेत नाही.