रिकामी दोरी

करावे गावच्या बाळारामला झाडावर चढायला कोणी शिकवलं नाही. खाडीतली मासळी आटली तसा तो होडीवरून माडावर गेला, आणि माडावरून सोसायट्यांच्या वाळल्या झाडांवर. पुढे ठेकेदाराने आठ दिवस शिकायला पाठवलं, तेव्हा त्याला कळलं की माणसाला झाडावरून उतरवून आणणं ही वेगळीच विद्या आहे. शुद्ध हरपलेल्याची मान कशी धरायची, त्याचा भार आपल्या कमरेच्या पट्ट्यावर कसा घ्यायचा. आणि सगळ्याच्या मुळाशी एक नियम: एक जण वर असताना दुसऱ्याने पट्टा बांधून खाली उभं राहायचं. त्याला चढायला दुसरी दोरी झाडावर आधीच टाकलेली हवी. तिला दुसरं काम लावायचं नाही.

बाकी सगळं त्याने मनापासून घेतलं. हे शेवटचं मात्र गळी उतरेना. होडीत वाढलेला माणूस तो. होडीत रिकामी दोरी दिसली की बाप कानाखाली वाजवायचा. दोरीला काम हवंच.

मुलीचं, भाग्यश्रीचं लग्न झालं तसा जावईही त्याच्याच हाताखाली आला. भावेश. पोरगा हलका, चपळ, तोंडाने फटकळ. वर चढला की ओरडायचा, "मामा, पगार तुमी उभं राहायचा घेता, आनि घाम माजा!"

"घाम गाळ. पोट सुटलंय तुजं," बाळाराम खालून म्हणायचा.

सीवूड्सच्या एका सोसायटीत शिरीषाचं वाळलेलं झाड उतरवायचं होतं. शेवटची जाड फांदी राहिली. खाली कुणाची तरी गाडी उभी. मालक गावाला गेलेला. फांदी दोरीला बांधून अलगद सोडायची, तर ती दोरी बेचक्यात अडकून बसली. दुसरी शेजारीच लोंबत होती. सकाळपासून रिकामी.

"मामा, ती तुमची हाय," भावेश वरून म्हणाला.

"पाच मिन्टांचं काम. बांध तिलाच."

भावेशने बांधली. फांदी कापली गेली, झोका घेऊन फिरली आणि त्याच्या छातीवर आदळली. तो पट्ट्यात लटकला, मान मागे पडलेली. दुसरी दोरी फांदीच्या वजनाने ताणून बसली होती. तिच्यावर चढता येईना. बाळारामने आपल्या टेम्पोतून नवी दोरी काढली. वाळूची पिशवी बांधून बेचक्यावर फेकली. हुकली. पुन्हा हुकली. ज्या हाताने चाळीस वर्षं जाळं फेकलं, तो हात पाच वेळा हुकला.

तो वर पोचला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. त्याने मान धरली, भार आपल्यावर घेतला, शिकवलं होतं तसं एकही पायरी न चुकता जावयाला खाली आणलं. डॉक्टर म्हणाले, मार जिवावरचा नव्हता. तसं लटकत राहणं नडलं.

गावात सगळे म्हणाले, बाळारामने शर्थ केली. तोही मान हलवत राहिला. तेराव्यानंतर भाग्यश्री त्याच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तुमी खालीच होते ना? पट्टा बांधून?"

"होतो."

"मंग इतका वेळ का लागला?"

फांदीवर ढकलता आलं असतं. ठेकेदारावरही. त्याने दोरीचं सांगितलं, सगळं, भावेशने हटकलं होतं तेही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तो शुद्धीत होता?"

"मधी एकदा आला."

"बोलला काय?"

"मामा म्हनून हाक मारली. दोनदा."

"आनि तुमी?"

पिशवी तेव्हा तिसऱ्यांदा खाली पडली होती.

"आलो म्हनालो," बाळाराम म्हणाला.