हातभर

कारखान्यात तिला सगळे शिडी म्हणत. लग्नाच्या फोटोत नवरा विटेवर उभा होता, हे तीच हसत सांगायची. नवरा जाऊन चार वर्षं झाली. अजूनही सांगायची, हसायची मात्र नाही.

काम डोळ्यांचं. भारी मालातले वीतभर उंचीचे योद्धे, अंगात खऱ्या कापडाचे झगे, बदलता येणारे पंजे. मुकादम म्हणे, "बाहुले म्हणू नका, फिगर म्हणा." बाया मान डोलवत आणि बाहुलेच म्हणत. बाहुला हातभर लांब धरायचा, मनात तीन मोजायचे. तेवढ्यात बुबुळ वाकडं दिसलं तर लाल चिठ्ठी, नाहीतर हिरवी. शिडीच्या चिठ्ठीवर सात नंबर असे. एकोणीस वर्षं तिनं हेच केलं, आणि खुर्चीत बसून केलं. तिचे गुडघे झिजले होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेवढं बसून निघावं, याहून जास्त तिला काही नको होतं.

एका सकाळी मुकादम एका पाहुण्याला तिच्या टेबलाशी घेऊन आला. पाहुणा घड्याळजी, डोळ्याला भिंग लावून जन्म काढलेला. त्यानं घेतलेल्या योद्ध्याचा डोळा तिरळा निघाला. बदलून दिलेलाही तिरळा, आणि त्याच्या बदल्यात आलेला हा तिसराही. तिन्ही खोक्यांत हिरवी चिठ्ठी, सात नंबरची.

"बघा बाई," तो म्हणाला, "डावा डोळा नाकाकडं बघतोय."

शिडीनं बाहुला हातभर लांब धरला, तीन मोजले. "बरा आहे की."

"जवळ धरा."

"जवळ धरायची रीत नाही."

"अहो, माझ्या कपाटात तो माझ्या नाकासमोर उभा असतो. दोन वेळा पार्सल बांधलं मी याचं. बायको म्हणते, सवत परवडली."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मुकादमानंही बाहुला हातभर लांब धरला. गडी बुटका, हात आखूड. त्याला लगेच दिसलं. त्यानं बाहुला परत शिडीच्या हातात दिला आणि टेप आणून दोघांचे हात मोजले. शिडीचा चांगला चार बोटं जास्त भरला.

"अगं शिडे," तो हळूच म्हणाला, "एकोणीस वर्षं तू चार बोटं लांबून बघतेयस."

"हातभर म्हणालात. कुणाचा हात ते कुठं सांगितलंत?"

मुकादमानं आपल्या हाताच्या मापाची एक काठी कापून तिच्या टेबलावर ठेवली, आणि घड्याळजीला ट्रेमधला हवा तो बाहुला निवडायला सांगितलं. घड्याळजीनं भिंग लावून चाळीस पाहिले. शेवटी आपलाच खोक्यात घातला. "याच्या तिरळेपणाची निदान ओळख तरी झालीय," म्हणाला. जाताना म्हणाला, "तुमच्यावर राग नाही हो, बाई."

"बरं," शिडी म्हणाली. राग असता तरी ती 'बरं'च म्हणाली असती.

काठीच्या मापानं जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं ऐंशी पाहिले. एकसष्ट लाल. मुकादम ढीग घेऊन वर साहेबाकडं गेला, आला तो रिकाम्या हातानं. आल्या आल्या काठी उचलली.

"तक्रारीला उत्तर द्यायचंय. तपासणारी बदलली, असं लिहितोय साहेब. उद्यापासून पॅकिंगला जा."

"गुडघ्यांचं माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे गं."

"स्टूल मिळेल?"

"सरकत्या पट्ट्याला स्टूल कुठलं. उभ्यानंच काम."

संध्याकाळी सून म्हणाली, "भांडला नाहीत आत्या?" शिडीनं आठवून पाहिलं. भांडायचं राहूनच गेलं होतं.

पॅकिंगला बाहुले कागदात गुंडाळून येत, तोंडं झाकलेली. खोक्यात ठेवायचा, झाकण लावायचं, टेप मारायची. अकरा वाजता गुडघे दुखू लागत. शिडी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेई, थोड्या वेळानं परत पहिल्यावर.

तिच्या खुर्चीत नवी मुलगी आली, नुकती लागलेली, हात आखूड. तिच्यासमोर लाल चिठ्ठ्यांचा ढीग वाढतच गेला. शनिवारी मुकादम तिच्या मागं जाऊन उभा राहिला.

"हात जरा लांबव की," तो म्हणाला. "अजून. खांदा सैल सोड. हां, आता बघ."

शिडीनं ऐकलं. पुढचं खोकं आलं होतं, तिनं त्याला टेप मारली.