साडूभाऊंची रिकामी पेटी

जगात जे काही पडू, तुटू, पेटू किंवा घसरू शकतं, ते सगळं आधी आमच्या साडूभाऊंना दिसतं, आणि एकदा दिसलं की त्यांना धड जेवण जात नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अकोल्याच्या एका शाळेत मुख्याध्यापक आहेत. मी अमरावतीत चष्म्यांचं दुकान चालवतो, म्हणजे लोकांना नीट दिसावं हाच माझा धंदा. पण या एका माणसाला जरा कमी दिसलं असतं, तर आमच्या सासरची मंडळी अधिक सुखात राहिली असती असं माझं प्रामाणिक मत आहे. मेहुण्याच्या लग्नात इकडे मंगलाष्टकं चालू होती आणि तिकडे हे गृहस्थ मांडवाच्या खांबाला मिठी मारून तो हलवून बघत होते. अक्षता त्यांच्या मुठीत तशाच राहिल्या. मग त्यांनी मंडपवाल्याला गाठलं. "बाहेर निघाले दुसरा रस्ता कोठी हाये?" तो बिचारा घामाघूम झालेला, म्हणाला, "गुरुजी, लग्नातून बाहेर निघाले रस्ताच नसते." सगळे हसले. साडूभाऊ हसले नाहीत. त्यांनी कनातीची दोरी स्वतः सोडली, दुसरा रस्ता केला आणि पंगत उठेपर्यंत तिथेच उभे राहिले.

आमच्या घरी आले की ते बैठकीत बसत नाहीत, थेट स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी वाकवून पाहतात. "ही बदला, साडूभाऊ. चहा मंग पिऊ," असं म्हणून त्यांनी मला भर उन्हात बाजारात पिटाळलं आहे, तेही एकदा नाही. शाळेत तर त्यांचंच राज्य. टेबलाच्या खणात हातोडी असते. दर शनिवारी शाळा सुटली की प्रत्येक बाकावरून तळहात फिरवायचा आणि वर आलेला खिळा ठोकायचा, हे काम त्यांनी कधी शिपायाला सांगितलं नाही. पाण्याच्या टाकीच्या कुलपाची किल्ली ते करदोड्याला बांधतात. रिक्षातून ठरलेल्यापेक्षा एक पोर जास्त उतरलं, तर त्याला संध्याकाळी स्वतःच्या स्कूटरवर घरी पोचवतात आणि रिक्षावाल्याला दुसऱ्या दिवशी फाटकात उभं करून असं काही सुनावतात की त्याचं प्रवासी घेण्याचं मनच उडावं. आवाज म्हणाल तर पहाडी. पोरं धावताना दिसली की "पळू नका रे!" अशी आरोळी येते, आणि खरं सांगायचं तर पळून पडणाऱ्यांपेक्षा त्या आरोळीनं दचकून पडणारी पोरं जास्त असावीत.

या सगळ्यात त्यांचा खरा जीव तक्रारपेटीवर. शाळेत अशी पेटी हवी असा आदेश आला, तेव्हा बाकीच्या शाळांनी खोक्याला भोक पाडून काम उरकलं. यांनी जाड पत्र्याची, दोन कुलपांची पेटी करून घेतली आणि कोणी छेडछाड करू नये म्हणून ती आपल्या कचेरीच्या दारालाच, कॅमेऱ्याच्या खाली, आपल्या खुर्चीतून दिसेल अशी ठोकली. दर शुक्रवारी शाळेच्या तक्रार समितीसमोर ती उघडायची आणि मग मला फोन यायचा, "साडूभाऊ, आजही रिकामी!" परीक्षेत पोरगं पहिलं आल्यासारखा आनंद. मी एकदा विचारलं, "पोरांना लिहिता येतं ना?" तर आठ दिवस अबोला धरला.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर बार्शीटाकळीकडचा एक भाजीवाला शेतकरी शाळेत आला. त्याची मुलगी नववीत, अभ्यासात चांगली, रोज बसनं येणारी. वांग्यांची पिशवी टेबलावर ठेवून त्यानं शाळा सोडल्याचा दाखला मागितला. "पोरगी शायेत जात नाई म्हणते, सायेब. काहून ते सांगत नाई. रडते नुसती. दाखला द्या, पोरगी राहीन घरी." साडूभाऊंनी वांगी परत केली, दाखलाही दिला नाही. "आठ दिवस थांबा," एवढंच म्हणाले. मी त्या रविवारी अकोल्याला होतो. मला मागे बसवून, हेल्मेट घालायला लावून, बैलगाडीनं मागे टाकावं अशा वेगानं त्यांनी स्कूटर बार्शीटाकळीला नेली.

मुलगी वाफ्यात वांगी तोडत होती. साडूभाऊंना आधी विहिरीवरच्या मोटारीची उघडी वायर दिसली. खिशातून चिकटपट्टी काढून त्यांनी ती गुंडाळली आणि मग विचारलं, "काहून येत नाई शायेत?" तिनं पुढचं वांगं तोडलं. पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मुलगी मान खाली घालून मातीकडे पाहत राहिली. तेव्हा त्यांनी जे केलं ते मी सबंध आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले आणि गप्प राहिले. अर्धा तास तरी गेला असेल. वांगी तोडता तोडताच ती बोलली.

"मले मधल्या सुट्टीत वर्गात फीट आली होती, सर. बाई नव्हत्या. कोणीतरी मोबाइलमधे काढलं. साऱ्या वर्गानं पाह्यलं."

"मंग पेटीत चिठ्ठी काहून नाई टाकली, बाई?"

"तीन डाव चिठ्ठी घेऊन आली होती मी. पेटी तुमच्या दारातच हाये ना. तुमी पाहून राहिले होते."

परत येताना ते एवढंच बोलले. "मी पाह्यलं असन तिले, साडूभाऊ. वर्गात जा म्हणून ओरडलोही असन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीचे स्क्रू स्वतः काढले आणि ती मुलींच्या पाण्याच्या नळांकडे, जिथे ना खुर्ची ना कॅमेरा, अशा वळणावर बसवली. पहिल्याच शुक्रवारी कुलूप काढल्याबरोबर चिठ्ठ्या टेबलभर सांडल्या. त्यातली एक त्यांच्यावरच होती : 'मुख्याध्यापक सर खूप ओरडतात, भीती वाटते.' ती त्यांनी समितीसमोर वाचून दाखवली. चोरून मोबाइल आणून मुलीचं चित्रण करणाऱ्या मुलाचं नावही चिठ्ठ्यांतच निघालं. त्याला आणि त्याच्या आईवडिलांना बोलावलं, ते चित्रण सगळीकडून पुसायला लावलं, पण त्या मुलालाही शाळेतून काढलं नाही. मग पुन्हा बार्शीटाकळीला जाऊन मुलीला विचारलं, वर्गाला या आजाराबद्दल सांगू का? तिनं दोन दिवस विचार केला आणि निरोप धाडला, "सांगा. पण मी समोर बसीन."

डॉक्टर आले. त्यांनी प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत कांदा. फीट आलेल्याला हुंगवायला म्हणून साडूभाऊ दर सोमवारी स्वतः ताजा कांदा त्यात ठेवत! डॉक्टरांनी तो बाहेर काढून टेबलावर ठेवला तेव्हा सबंध वर्ग हसला, ती मुलगीही हसली, आणि मुख्याध्यापक कानापर्यंत लाल झाले. कांदा नको, चप्पल नको, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, एवढं पोरांनी त्या दिवशी घोकून ठेवलं. दिवाळीनंतर मुलगी रोज येऊ लागली.

थंडीत एका दुपारी मी दुकानात असताना त्यांचा फोन आला. मुलीला वर्गात पुन्हा फीट आली होती. कळल्याबरोबर हे धावत सुटले. आपण स्वतः पळतोय याचंही त्यांना भान नव्हतं. दारात पोचले तर बाकं सरकवलेली, दोघी मैत्रिणींनी तिला कुशीवर वळवलेलं, डोक्याखाली कोणाचं तरी स्वेटर, आणि एक मुलगी घड्याळाकडे बघून मोठ्यानं वेळ सांगतेय. मोबाइल एकाच्याही हातात नाही. दोन मिनिटांत ती शांत झाली. थोड्या वेळानं उठून बसली, पाणी प्यायली आणि मैत्रिणीला म्हणाली, "गणित किती झालं?"

"मी नुसता दारात उभा होतो हो," साडूभाऊ सांगत होते. आवाज इतका हळू की मला फोन कानावर दाबून धरावा लागला. "मले काही कराले उरलंच नाई." आणि ते रडू लागले.

या उन्हाळ्यात ते निवृत्त होतील. त्या दुपारी मी त्यांना चार चांगले शब्द सांगायला हवे होते, ते अजून मनाला लागून आहे. इतकी वर्षं चेष्टाच करत आलो, दुसरं काही जिभेवर येईना. मी म्हणालो, "बरं झालं, साडूभाऊ." ते म्हणाले, "हो ना." मग बराच वेळ आम्हा दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.